अंगठ्यांचा तुलनात्मक तक्ता

आपल्या बायकोची पाठ किती ताठ आहे, हे मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं. कारण रोज संध्याकाळी बागेतल्या गोल रस्त्यावर मला दुसरं काही दिसतच नव्हतं. पुढे आमची ही, तिच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र बुटांतले टकाटक, आणि त्यांच्या मागे मी. मागे म्हणजे दोन पावलं मागे नव्हे. इतका मागे, की मी त्या दोघांबरोबर फिरायला आलोय हे कुणाला पटवायचं तर साक्षीदार उभे करावे लागले असते.

टकाटक म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त लिफ्ट-तपासनीस. त्यांना खरं नाव आहे, पण त्याची कुणाला गरज पडत नाही. कपडे टकाटक, दात टकाटक, सत्तरी उलटली तरी कंबर टकाटक. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टा तपासल्या पण स्वतः कायम जिनाच चढलो, असं ते अभिमानाने सांगतात. यावरून आपण लिफ्टांबद्दल काय समजायचं, ते सांगत नाहीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, व्यसन नाही, बोलणं आदराचं, दर वाक्यात एकदा 'वहिनी'. थोडक्यात, ज्याच्याविरुद्ध घरात एक शब्द काढता येत नाही असा अत्यंत घातक माणूस.

आणि मी मागे का, तर पायांमुळे. माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांनी म्हातारपणी संसार बदलला होता. ते सरळ पुढे बघायचं सोडून शेजारच्या बोटांच्या अंगावर रेलले होते, गाडीत झोपी गेलेला अनोळखी प्रवासी आपल्या खांद्यावर रेलतो तसे. आणि ते आत वळले म्हणून त्यांच्या बुडाशी बाहेरच्या बाजूला एकेक हाड टेकाडासारखं वर आलं होतं. कुठलाही बूट घातला की ते टेकाड बुटाशी भांडायचं आणि दोघांच्या भांडणात मी लंगडायचो. डॉक्टर लोक या प्रकाराला बनियन म्हणतात. यावर जेवढे म्हणून विनोद करता येतात तेवढे सगळे माझ्या मेव्हण्याने करून संपवले आहेत, तेव्हा मी त्या वाटेला जात नाही.

मी हे सगळं सोसलंही असतं. पण एक दिवस ही बाकाजवळ थांबली, मी कसाबसा तिथवर पोचलो, आणि ती अगदी प्रेमाने म्हणाली, "अहो, तुम्ही आता इथेच बसा बरं. आम्ही दोघं अजून दोन फेऱ्या मारून येतो."

आम्ही दोघं! म्हणजे मी आता पिशव्या सांभाळणाऱ्यांत जमा झालो होतो. शेजारी टकाटकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आजारी माणसाला भेटून निघताना डोलावतात तशी. त्याच बाकावर, त्याच बसल्या बैठकीला, मी ठरवलं. ऑपरेशन. दोन्ही पायांचं. आणि मग बघू कोण कुणाच्या मागे चालतं ते.

आता दुसरा एखादा असता तर डॉक्टरकडे गेला असता, ऑपरेशन करून मोकळा झाला असता. पण मी कारखान्याच्या खरेदी विभागात हयात घालवलेला माणूस. आमच्याकडे साधा खिळा आणायचा तरी तीन ठिकाणची कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, तक्त्यावर शेरा आणि शेऱ्यावर सही, असं झाल्याशिवाय खिळा दाराच्या आत येत नसे. मी एकदा बॉयलरच्या एका वायसरची इतकी कसून तुलना केली होती, की सर्वोत्तम वायसर निवडून होईपर्यंत बॉयलर भंगारात गेला. तरीही माझी निवड अचूक होती, हे पुढे साहेबांनीसुद्धा मान्य केलं. ते कोणत्या आवाजात मान्य केलं हा भाग वेगळा.

तर मी तक्ता आखायला घेतला. ही बातमी इमारतीत फुटली आणि दारावर सल्ल्यांची रांग लागली. आपल्या लोकांचं एक आहे. हृदयाचं दुखणं असेल तर माणसं जरा बिचकून बोलतात. पायाचं म्हटलं की ज्याला पाय आहेत तो प्रत्येक जण तज्ज्ञ.

पहिला आला मेव्हणा. "भावोजी, ऑपरेशन कशाला? रबर लावा."

"कसलं रबर?"

"साधं. दोन्ही पाय जवळ घ्यायचे, दोन्ही अंगठ्यांना मिळून एक जाड रबर अडकवायचं आणि टाचा जुळवून पंजे बाहेर ताणायचे. रोज अर्धा तास. माझ्या साहेबांच्या सासूचे अंगठे असे सरळ झाले, अगदी सैनिकासारखे!"

मी साहेबांच्या सासूवर विश्वास ठेवला. रबर अडकवलं, खुर्चीत बसून ताणत होतो, तेवढ्यात दाराची बेल वाजली. आता बेल वाजली की उठायचं, ही एवढ्या वर्षांची सवय. अंगठे एकमेकांना बांधलेले आहेत हे पायांना ठाऊक होतं, मला नव्हतं. मी उठलो तो थेट दारापर्यंत आडवाच पोचलो. हिने दार उघडलं. दारात टकाटक.

"वहिनी, निघायचं ना?" असं म्हणताना त्यांची नजर खाली गेली. खाली मी. "साहेब व्यायाम करतायत वाटतं. उत्तम! जमिनीवरचे व्यायाम केव्हाही चांगले."

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी, त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यात, मला पायाच्या बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करायला सांगितलं. ते नुसतं सांगून भागत नव्हतं, त्या समोर उभं राहून करवून घेत. "बोटं वापरायची, बोटं! टाच कशाला उचलताय?" चौथ्या दिवशी पोटरीत असा गोळा आला की टॉवेल बाजूलाच राहिला, मलाच गोळा करायची वेळ आली.

असो. आपण डॉक्टरांकडे येऊ.

पहिले डॉक्टर मोठ्या इस्पितळातले. त्यांना मी मनात करवतवाले म्हणत असे. त्यांनी माझा अंगठा हातात घेतला, तो इकडे वळवला, तिकडे वळवला, आणि पेनने कागदावर हाड काढून दाखवलं. "हे हाड इथे कापायचं. कापलेला तुकडा आतल्या बाजूला सरकवायचा. दोन स्क्रू मारायचे. वरचं टेकाड तासायचं. संपलं."

"स्क्रू कुठल्या धातूचे?"

"टायटॅनियमचे."

"गंज?"

"नाही धरत."

"हमी किती वर्षांची?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्या चेहऱ्याचा अंदाज घेतला. "तुमच्यापेक्षा जास्त टिकतील," ते म्हणाले. हे उत्तर समाधानकारक असलं तरी आनंददायक नव्हतं. मी तक्त्यात लिहून घेतलं.

दुसऱ्या डॉक्टरीणबाई. वयाने माझ्या बुटांपेक्षा लहान. त्या भोकवाल्या. "आम्ही पाय उघडतच नाही, काका. बारीक बारीक भोकं पाडायची, त्यातून अवजार आत घालून हाड कापायचं आणि स्क्रू बसवायचे. टाके जवळजवळ नाहीतच."

"पण उघडलं नाही तर आतलं दिसणार कसं?"

"क्ष-किरणांवर. समोर पडदा असतो ना."

"म्हणजे टीव्ही बघत बघत."

"तसं समजा," त्या हसून म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की आधी कुणाला दाखवलं, आणि नाव ऐकून म्हणाल्या, "ते अजून उघडतात का? हो का. छान." जुनं किटलीवजा इंजिन संग्रहालयात बघितल्यावर आपण 'छान' म्हणतो ना, त्या सुरात.

तिसरे डॉक्टर वयस्कर. अर्ध्या शहराच्या डॉक्टरांना त्यांनी शिकवलं होतं आणि त्या सगळ्यांबद्दल त्यांचं मत सारखंच होतं. ते जखडवाले. त्यांनी अंगठ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पायाच्या मध्यावर बोट दाबून म्हणाले, "त्या दोघांनी तुमचा अंगठा बघितला. तुमचा पाय कुणी बघितला? रोग अंगठ्यात नाहीच. मूळ इथे आहे, मागच्या सांध्यात. तो ढिला झालाय, म्हणून पुढचं सगळं वाकडं. हा सांधा जखडून टाकायचा. कायमचा."

"मग तो हलणार नाही?"

"जे हलत नाही ते दुखत नाही."

हे वाक्य मी घरी येऊन हिला ऐकवलं. ती म्हणाली, "मग तुमच्या सोफ्यावर बसण्याला एवढी वर्षं मी उगाच नावं ठेवली."

जखडवाल्यांची पद्धत मला तत्त्व म्हणून आवडली होती. मुळावर घाव, परत वाकायची भीती कमी. पण त्यांनी शेवटी सांगितलं की सांधा जुळून येईपर्यंत कित्येक आठवडे तो पाय जमिनीला टेकवायचा नाही. बाकीच्या दोघांकडे खास बूट घालून, टाचेवर भार देत, लवकर हिंडता येणार होतं. माझ्या तक्त्यात जखम, सूज, वेदना असे रकाने होते, पण खरा रकाना एकच होता आणि तो मी कागदावर आखला नव्हता: टकाटक किती संध्याकाळी हिच्याबरोबर बिनदेखरेखीचे. त्या रकान्यात जखडवाले बाद झाले.

उरले दोन. आणि इथे माझी खरी पंचाईत झाली. मी दोघांनाही पुन्हा जाऊन खोदून खोदून विचारलं, की वर्षा-दोन वर्षांनी कुठला पाय जास्त चांगला असतो? करवतवाले म्हणाले, "खरं सांगायचं तर तसा फारसा फरक राहत नाही." भोकवाल्या म्हणाल्या, "खरं सांगायचं तर काका, शेवटी सारखंच होतं." म्हणजे बघा! एवढा तक्ता आखायचा, रकाने भरायचे, रक्त आटवायचं आणि शेवटी दोन्ही माल सारखे! खरेदी विभागातल्या माणसाच्या आयुष्यात याहून काळा दिवस नाही. निकृष्ट माल परवडला, समान माल नको.

पण अशा वेळीही आमच्याकडे एक वाट असते. दोन पुरवठादार तुल्यबळ असले की ऑर्डर विभागून द्यायची. अर्धी याला, अर्धी त्याला. मग मालावरूनच ठरतं कोण सरस ते. आणि सुदैवाने इथे माल दोन नग होता.

"डावा पाय करवतवाल्यांना," मी हिला सांगितलं, "आणि तो सावरला की उजवा भोकवाल्यांना."

ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "अहो, पाय आहेत ते. गोण्या नव्हेत."

"तत्त्व तेच."

"एकाच डॉक्टरकडून दोन्ही पाय करून घेतलेत तर तुमच्या तत्त्वाला लागतं का कुठे?"

"तुलना कशाशी करणार मग?" मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच पंखा पुसायला स्टूल आणायला गेलो.

इस्पितळाची तारीख मिळाली, पण मधे विमा कंपनी आडवी आली. तिथला माणूस फोनवर फार गोड बोलत होता. विमा कंपनीचा माणूस गोड बोलायला लागला की घरातल्या सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून बसावं. "सर, अंगठा सरळ करणं आमच्याकडे सौंदर्यवर्धनात धरतात. ते विम्यात बसत नाही."

"अहो, मी एकाहत्तर वर्षांचा आहे. मला सुंदर व्हायचं असतं तर मी वरून सुरुवात केली नसती का? अगदी पायाच्या अंगठ्यापासून कशाला?"

"ते बरोबर आहे सर. मग असं करा, अंगठ्याचा फोटो पाठवा. त्रास होतोय हे दिसलं पाहिजे."

त्रास दिसणारा फोटो मेव्हण्याने काढला. पाय स्टुलावर ठेवून, खाली पांढरा कागद, खिडकीतला उजेड बरोबर टेकाडावर. "भावोजी, जरा दुखल्यासारखा करा ना पाय," असं तो सारखा म्हणत होता. फोटो खरंच फार सुरेख आला. मेव्हण्याने तो माझ्या फोनवरून पाठवला आणि तो विमा कंपनीला जायच्याऐवजी इमारतीच्या ग्रुपवर गेला. सगळ्या मजल्यांवर. पाच मिनिटांत सातव्या मजल्यावरून विचारणा आली, "हे आलं कुठून घेतलंत? चांगलं भरलेलं दिसतंय." मागोमाग दोघांनी पाव-पाव किलो मागवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिलं, "हे आलं नाही, टॉवेल नियमित न केल्याचा परिणाम आहे." टकाटकांनी काही न लिहिता नुसते जोडलेले हात टाकले. जोडलेल्या हातांचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

त्रास मान्य झाला एकदाचा. डाव्या पायाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनपेक्षा आधीच्या चौकशीनेच मी थकलो. जो येईल तो विचारी, "नाव काय? कुठला पाय?" मी म्हणे, "डावा." तो पायावर पेनने बाण काढी आणि जाई. मग दुसरा. "कुठला पाय?" "डावा." आणखी एक बाण. शेवटी माझा डावा पाय एखाद्या गुंतागुंतीच्या चौकातल्या फलकासारखा दिसायला लागला आणि भूल देणाऱ्या बाईंनी "कुठला पाय?" विचारलं तेव्हा मी प्रामाणिकपणे म्हणालो, "आता तुम्हीच बघून ठरवा."

मग घरी. डावा पाय उशीवर, उशी स्टुलावर, स्टूल गॅलरीत. गॅलरीच का, तर तिथून बागेतल्या गोल रस्त्याचा एक तुकडा दिसतो. ही आणि टकाटक डावीकडून येत, मोठ्या झाडाआड जात, पलीकडून बाहेर पडत. मी चहाचा कप हातात धरून बघत असे. चहा गार होई. मी होत नसे.

एका संध्याकाळी ती दोघं झाडाआड गेली आणि बाहेर आलीच नाहीत. मी वाट बघितली. एक कुत्रा बाहेर आला. एक सायकल बाहेर आली. ही नाही, टकाटक नाहीत. मी कप ठेवला. झाडाच्या बुंध्याची रुंदी मनात मोजली. एवढ्या रुंदीमागे दोन सज्जन माणसं इतका वेळ काय करू शकतात याची मी मनात यादी केली आणि यादीतल्या दुसऱ्याच गोष्टीला ताडकन उभा राहिलो. दोन्ही पायांवर. नव्या स्क्रूंसकट.

मी जी किंकाळी फोडली ती ऐकून म्हणे बागेतली कबुतरं उडाली. मी स्वतः ती बघितली नाहीत, कारण मी तेव्हा कुंड्यांमध्ये पडलो होतो. आणि तशातच आत टेबलावर माझा फोन वाजायला लागला. सरपटत जाऊन उचलला. ही होती.

"अहो, गोळी घेतलीत का? आठवण झाली म्हणून थांबलेय झाडाखाली. केव्हाची फोन लावतेय, इथे लागतच नाही नीट."

"घेतो, घेतो," मी फरशीवरून म्हणालो.

"आवाज असा का येतोय?"

"गोळीच तशी आहे."

करवतवाल्यांनी दुसऱ्या दिवशी क्ष-किरण काढले आणि स्क्रू जागच्या जागी असल्याचं सांगितलं. पुढची दहा मिनिटं त्यांनी मला जे सांगितलं ते क्ष-किरणांत येण्यासारखं नव्हतं.

यथावकाश डावा सावरला. उजवा भोकवाल्यांकडे गेला, पुन्हा बाण, पुन्हा उशी, पुन्हा गॅलरी. या वेळी झाडाकडे बघायचं नाही असा मी नियम केला आणि तो अर्धा पाळला. सगळं रीतसर चाललं होतं. पण डाव्या पायाच्या तपासणीला करवतवाल्यांकडे गेलो आणि त्यांची नजर माझ्या उजव्या पायाकडे गेली.

"हे कुणी केलं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आमच्या डाव्यात काही कमी पडलं का?"

"छे छे! डावा उत्तम आहे. पण पर्यायी पुरवठादार म्हणून..."

"पुरवठादार," ते म्हणाले. आणि नंतर ते माझ्याशी काहीच बोलले नाहीत. जे बोलायचं ते थेट डाव्या पायाशी बोलले. "चांगला आहेस तू," असं त्याला म्हणाले. उजव्यावर त्यांनी टॉवेल टाकला. तिकडे भोकवाल्यांनी डावा बघून, "खूण जरा राहिलीच ना काका? असू दे, त्या पद्धतीत राहते," असं अगदी मायेने म्हटलं, आणि माझ्या उजव्या पायाचे इतके फोटो काढले की तेवढे माझ्या लग्नात माझेही काढले नव्हते. पुढे हाडांच्या डॉक्टरांचं एक संमेलन झालं. त्यात सकाळच्या सत्रात माझा डावा पाय मोठ्या पडद्यावर झळकला आणि जेवणानंतरच्या सत्रात उजवा. दोघांनाही टाळ्या पडल्या म्हणतात. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी घरीच बसून होतो, आणि ज्यांच्यावर मी उभा राहतो ते दोघं माझ्यापेक्षा जास्त नावाजलेले झाले होते.

आणि दोन्ही पाय खरंच चांगले झाले, हे मला कबूल केलं पाहिजे. फक्त ते एकमेकांचे राहिले नाहीत. डावा अंगठा किंचित आखूड झाला आणि पंजा सडपातळ. उजवा लांब, त्यात सूज उतरायची बाकी, त्यामुळे गुबगुबीत. बूटवाल्याने दोन्ही पायांची मापं घेतली, परत घेतली आणि विचारलं, "बूट एकालाच घ्यायचेत ना?" शेवटी दोन वेगवेगळ्या मापांचे दोन जोड घेतले आणि त्यातला एकेक बूट वापरायला काढला. उरलेले दोन कपाटावर आहेत. ज्याचा डावा पाय लांब आणि उजवा आखूड असा कुणी माणूस भेटला तर मला कळवावं.

मग ती संध्याकाळ आली. नवे बूट, सरळ अंगठे. मी बागेत पाऊल टाकलं आणि पहिल्याच फेरीत त्या दोघांना गाठलं. गाठलं म्हणजे अक्षरशः शेजारी पोचलो! आणि शेजारी पोचल्यावर मला कळलं की बागेतला तो गोल रस्ता दोन माणसांचा आहे. तिसऱ्याला गवत.

"या, या साहेब!" टकाटक म्हणाले. त्यांचा आनंद खरा होता, हेच तर वाईट. "चला आमच्याबरोबर!" आणि ते आपल्या जागेवरून टीचभरही हलले नाहीत. मी गवतातून चाललो. गवतात पाण्याच्या नळ्या होत्या, बाक होते, एक झोका होता. दोन शस्त्रक्रिया, चार स्क्रू, दोन जोड बूट, आणि मी बायकोशी बोलताना झोक्याला वळसा घालून जात होतो.

असा आठवडा गेला. एका संध्याकाळी ही वरच्या बाईंशी बोलत थांबली होती. टकाटकांनी माझा दंड धरला आणि मला बाकावर नेलं. इकडे तिकडे बघितलं. "साहेब, एक विचारायचं होतं. खाजगी आहे." आणि त्यांनी आपला तो पांढराशुभ्र उजवा बूट काढला. मोजा काढला.

मी वाकून बघितलं. अंगठा जरासा, अगदी जरासा, आत कललेला. बाजूला हाडाचा उंचवटा, चण्याएवढा. जगातला कुठलाही डॉक्टर त्याकडे बघून म्हणाला असता, जरा रुंद बूट घाला आणि घरी जा.

"महिनाभर ठणकतोय," टकाटक हळूच म्हणाले. "ऑपरेशन करावं लागेल का? कुठलं करू? तुम्ही या विषयातले जाणकार म्हणून विचारतो."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा ग्राहक माझ्याकडे कधी चालून आला नव्हता. मी दीर्घ श्वास घेतला.

"घाई करू नका," मी म्हणालो. "घाईनेच माणसं फसतात. आधी तुलना करा."

"कशी?"

मी सांगितलं. करवतवाले, भोकवाल्या, जखडवाले, तिघांचे पत्ते दिले. तिघांकडे एकेकदा जाऊन भागत नाही, पहिल्याचं म्हणणं दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं तिसऱ्याला सांगून उत्तरं आणावी लागतात, हे समजावलं. मधल्या काळात मेव्हण्याचं रबर. मुख्याध्यापिकाबाईंचा टॉवेल. विमा कंपनीतल्या त्या गोड माणसाचा नंबर. "आणि सगळ्यात महत्त्वाचं," मी आवाज खाली आणला, "तुलना पूर्ण होईपर्यंत फिरणं एकदम बंद. पाय तापतो. तापलेल्या पायाची मापं चुकतात."

टकाटकांचे डोळे पाणावले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही नसतात तर मी सरळ जाऊन कापून घेतला असता हो!"

लिफ्ट-तपासनीस माणूस. एकेक दोर, एकेक खिळा बघितल्याशिवाय सही न करणारा. मी निर्धास्त होतो.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आम्ही दोघंच. मी डांबरावर! एक फेरी होईपर्यंत ही आरामात चालली. मग म्हणाली, "टकाटक आज आले नाहीत."

"पायाचं काहीतरी आहे म्हणे. डॉक्टरांची तुलना करतायत."

"तुम्ही सांगितलंत?"

"मी फक्त पद्धत सांगितली."

"हं. किती दिवस चालेल?"

"माणूस कसून बघणारा आहे. पुढच्या वर्षी याच सुमाराला तक्ता तयार होईल."

ती गालातल्या गालात हसली. मी ते हसू बाजूने बघितलं. पाठमोरं ते मला कधीच दिसलं नसतं.

"मीच म्हटलं त्यांना," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना विचारा, तुलनेच्या बाबतीत त्यांच्याइतका माणूस सापडायचा नाही."

मी थांबलो. दोन्ही पायांवर.

"अहो, केवढं ते बोलणं त्यांचं! मनगटावर ते घड्याळ लावलंय ना, दर वळणावर मला माझी चाल सांगायची. 'वहिनी, आज आपण कालच्यापेक्षा मंद. वहिनी, पावलं कमी पडतायत. वहिनी, श्वास मोजा.' दोन वर्षं! मला काय शर्यतीत पळायचंय? बरं, चांगला माणूस, तोंडावर काय सांगणार? आणि तुम्ही एवढे मागे. एकटी चालले तर वरच्या बाई टॉवेल घेऊन येतात." तिने माझ्या कोपराला धक्का दिला. "चला आता. आणि आधीच सांगून ठेवते, खरेदी विभागाबद्दल एक अक्षर काढायचं नाही."

मी नाही काढलं. अर्ध्या फेरीपर्यंत तरी नाही.